बॅकअप आहे, पण परत चढत नाही: सीपॅनेलमधल्या बॅकअपचं नेहमीचं दुखणं

पावसाळा सरतो, चवथ आटोपते आणि गोव्यात मोरजी-मांद्र्यापासून काणकोणापर्यंतच्या गेस्ट हाऊसवाल्यांना आपली वेबसाइट आठवते. जूनपासून तिकडे कोणी फिरकलेलं नसतं. लॉगिन केलं की वर्डप्रेस अपडेटांची रांग दाखवतं, माणूस सगळ्यांवर एकदम टिक करतो आणि साइट पांढरीफटक. मग ठरलेला फोन: "अरे, बॅकअप आहे ना आपला? मग घाल की परत!"

बॅकअप असतो. बऱ्याचदा एक सोडून तीन ठिकाणी असतो, आणि तरी परत चढत नाही. कुठे रिस्टोअरचं बटणच सापडत नाही, कुठे फाइल अर्धीच निघते, कुठे साइट उठते पण त्यातलं सगळं मराठी प्रश्नचिन्हं होऊन बसतं. देवस्थानं, वाचनालयं, क्लासवाले यांचंही हेच रडगाणं. त्यांचे फोन फक्त जत्रेच्या आणि निकालांच्या दिवसांत येतात.

मूळ एकच आहे. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये, म्हणजे ब्राउझरमधून साइट सांभाळायच्या पानावर, 'बॅकअप' या नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात आणि आपण त्या सगळ्या एकाच मापाने मोजतो. समोर कुठलाही बॅकअप आला की मी आधी तीन गोष्टी बघतो: तो परत चढवायचा अधिकार कोणाकडे आहे, तो पडलाय कुठे, आणि किती मागचा आहे. त्यात काय काय आहे हे लोक पहिलं विचारतात. माझ्या लेखी तो प्रश्न चौथा. खाली सीपॅनेल हे पॅनेल धरून लिहिलंय, कारण शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) गाठ पडते ती बहुधा त्याच्याशी.

रिस्टोअर करायच्या आधी: मोडलंय काय?

अपडेटनंतर साइट पांढरी झाली म्हणजे डेटाबेस बहुतेक शाबूत असतो, एखाद्या प्लगइनची (वर्डप्रेसला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमची) फाइल नडत असते. वर्डप्रेस ५.२ मध्ये, म्हणजे २०१९ साली, रिकव्हरी मोड आला. साइट अशी कोसळली की ॲडमिनच्या ईमेलवर एक लिंक येते आणि तिच्यावरून आत शिरून नडणारं प्लगइन बंद करता येतं. (ॲडमिनचा ईमेल म्हणून साइट बनवणाऱ्याचा जुना पत्ता अजून तसाच असतो, ही गोष्ट निराळी.) लिंक मिळाली नाही तर फाइल मॅनेजरमधून 'डब्ल्यूपी-कंटेंट'च्या आतल्या 'प्लगइन्स'मध्ये जा आणि संशयित प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला ते सापडत नाही, म्हणून ते चालतही नाही. साइट उठली तर बॅकअपला हात लावायचं कारणच उरलं नाही.

'डेटाबेसशी कनेक्शन होत नाही' अशी एरर असेल तर फाइली पुन्हा चढवून काही उपयोग नाही. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमधलं डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड तपासा, नाहीतर होस्टला, म्हणजे साइट ठेवणाऱ्या कंपनीला, विचारा की डेटाबेस सर्व्हर चालू आहे का.

एवढं आधी सांगायचं कारण म्हणजे बुकिंगं. गेस्ट हाऊसच्या साइटवर ती डेटाबेसमध्ये असतात. गेल्या आठवड्याचा डेटाबेस वर चढवला की मधल्या दिवसांतली सगळी पुसली गेली. पाहुणा दाबोळीला उतरून टॅक्सीत बसलाय आणि तुमच्याकडे त्याचं नावही नाही, असला प्रसंग त्यातूनच येतो. फाइली बिघडल्या असतील तर फाइलीच चढवा. आणि काहीही चढवण्याआधी आत्ताच्या मोडक्या अवस्थेचाही बॅकअप घ्या, कारण त्या मोडक्या डेटाबेसमध्येच कालचं बुकिंग आहे.

फुल बॅकअप आहे, पण रिस्टोअरचं बटण नाही

सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट हीच. सीपॅनेलच्या 'फाइल्स' विभागात 'बॅकअप' आणि 'बॅकअप विझार्ड' अशी दोन चिन्हं दिसतात. काम एकच, विझार्ड फक्त पायरीपायरीने विचारत नेतो. 'फुल अकाउंट बॅकअप' दाबलं की थोड्या वेळाने तुमच्या होम डिरेक्टरीत टार-जीझेड प्रकारची (सगळ्या फाइली एकत्र बांधून दाबलेली) एक जाडजूड फाइल तयार होते. तिच्या नावात तारीख असते, पण अमेरिकन पद्धतीने, महिना आधी. १०.०५ दिसलं तर ते १० मे नव्हे, ५ ऑक्टोबर. एवढ्यावरून लोक पाच महिन्यांचा घोळ घालतात.

आता ही फाइल परत चढवायला त्याच पानावर बटण शोधाल तर ते तिथे नाहीच. सीपॅनेलच्या वापरकर्त्याला फुल बॅकअप स्वतः रिस्टोअर करता येत नाही. ते काम डब्ल्यूएचएममधून, म्हणजे होस्टच्या बाजूने होतं. त्या फाइलीत नुसती साइट नसते. पूर्ण खातं नव्याने उभं करण्यासाठी लागणारं सगळं असतं, त्यात डीएनएस नोंदी (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं ते), क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप होणारी कामं), ईमेल खाती, डेटाबेसचे युजर आणि त्यांचे अधिकार हेही आले. असली गोष्ट शेअर्ड सर्व्हरवर कोणाच्याही हाती देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. होस्ट बदलताना या फाइलीसारखी सोय नाही. पण रात्री अकरा वाजता एक पान परत आणायचंय आणि हाताशी फक्त हीच असेल तर मात्र पंचाईत.

त्या पंचाइतीतून दोन वाटा निघतात. पहिली, होस्टकडे तिकीट टाका. काही होस्ट हे फुकट करून देतात, काही पैसे लावतात. होस्टिंग घेतानाच विचारून ठेवलेलं बरं. दुसरी वाट थोडी खटपटीची आहे, पण तिला कोणाची परवानगी लागत नाही. फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि सेव्हन-झिपने उघडा. दोनदा उघडावी लागते, एकदा जीझेडचं आवरण आणि मग टार. आत 'होमडिर' नावाचा फोल्डर दिसेल, त्यात तुमचा 'पब्लिक-एचटीएमएल'. शेजारी 'मायएसक्यूएल' फोल्डर, त्यात प्रत्येक डेटाबेसची एक एसक्यूएल फाइल. बाकीच्या छोट्या फोल्डरांत डीएनएस, क्रॉन, फॉरवर्डर वगैरे. आपल्याला पहिले दोनच हवेत.

'पब्लिक-एचटीएमएल'मधला हवा तो भाग झिप करून फाइल मॅनेजरने चढवा आणि तिथेच सोडवा. हजारो सुट्या फाइली एफटीपीने (फाइली एकेक करून सर्व्हरवर पाठवायच्या पद्धतीने) चढवत बसू नका. मध्येच लाइट गेली की कुठल्या गेल्या आणि कुठल्या राहिल्या याचा पत्ता लागत नाही, आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की लाइट जाणारच. एक झिप असेल तर ती चढली किंवा नाही चढली, मधलं काही नाही.

डेटाबेससाठी पॅनेलमध्ये नवा रिकामा डेटाबेस बनवा, युजर बनवा, त्या युजरला डेटाबेसवर सगळे अधिकार द्या (ही पायरी हमखास राहून जाते), आणि पीएचपी-माय-ॲडमिनमधून एसक्यूएल फाइल इम्पोर्ट करा. इम्पोर्टच्या पानावर कमाल आकार लिहिलेला असतो. फाइल त्याहून मोठी असेल तर आधी ती जीझेड किंवा झिप करा, तशी चालते. मजकुराचा डम्प (म्हणजे ही एसक्यूएल फाइल) दाबला की बराच लहान होतो. तरीही बसत नसेल तर ती फाइल मॅनेजरने होम डिरेक्टरीत ठेवा आणि होस्टला सांगा की अमुक डेटाबेसमध्ये घाला.

शेवटी 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' उघडून नवं नाव, युजर आणि पासवर्ड टाका. सीपॅनेल डेटाबेसच्या नावाआधी तुमच्या खात्याचं नाव जोडतं. होस्ट बदलला की ते नाव बदलतं, म्हणून जुनं कॉन्फिग जसंच्या तसं चालत नाही. हे सगळं केल्यावर साइट उघडली आणि वर्डप्रेस 'भाषा निवडा, इन्स्टॉल करा' म्हणायला लागलं तर घाबरून इन्स्टॉल दाबू नका. त्याचा अर्थ वर्डप्रेस डेटाबेसपर्यंत पोचलंय, पण तिथे त्याला आपली टेबलं दिसत नाहीत. एकतर डेटाबेस रिकामा आहे, नाहीतर टेबलांच्या नावाआधीचा प्रिफिक्स कॉन्फिगमधल्या प्रिफिक्सशी जुळत नाही. पीएचपी-माय-ॲडमिनमध्ये डावीकडे टेबलांची नावं बघा आणि कॉन्फिगमध्ये तसं लिहा.

आणि ती टार फाइल 'पब्लिक-एचटीएमएल'मध्ये ठेवून ब्राउझरने उतरवायची युक्ती बरेच जण वापरतात. करू नका. त्या फाइलीत डेटाबेसचा पासवर्ड आहे, सगळे ईमेल आहेत, पाहुण्यांचे फोन नंबर आहेत. पत्ता ज्याला सुचेल त्याला ती उतरवता येते.

पार्शल बॅकअप: बटण आहे, पण जुना कचरा जात नाही

त्याच पानावर खाली चार सुटे बॅकअप असतात: होम डिरेक्टरी, डेटाबेस, ईमेल फॉरवर्डर आणि ईमेल फिल्टर. हे मात्र तुम्ही स्वतः उतरवू शकता आणि स्वतः चढवू शकता. रोजच्या कामाला हेच उपयोगी, आणि लोक नेमके यांच्याकडेच बघत नाहीत, कारण वर 'फुल' लिहिलेलं मोठं बटण असतं.

होम डिरेक्टरीचं रिस्टोअर म्हणजे असलेल्या फाइलींवर जुन्या फाइली लिहिणं. बॅकअपमध्ये नसलेल्या फाइली ते काढून टाकत नाही. साइट हॅक झाली असेल तर याचा अर्थ नीट समजून घ्या: घुसलेल्याने 'अपलोड्स'च्या पोटात टाकलेली पीएचपी फाइल रिस्टोअरनंतरही तिथेच राहते आणि चार दिवसांत साइट पुन्हा जुगाराच्या जाहिराती दाखवू लागते. मग होस्टला शिव्या. अशा वेळी आधी 'पब्लिक-एचटीएमएल'चं नाव बदलून बाजूला ठेवा, त्याच नावाचा रिकामा फोल्डर बनवा आणि मग रिस्टोअर करा. फोटो नंतर जुन्या फोल्डरातून निवडून आणता येतात.

फॉरवर्डर होम डिरेक्टरीत नसतात. बुकिंगच्या पत्त्यावर आलेला मेल मालकाच्या जीमेलवर जातो, ती सोय फॉरवर्डरची. होस्ट बदलताना हा छोटासा बॅकअप घ्यायचा राहिला तर साइट झकास चालते, फॉर्म भरला जातो आणि मालकाला मात्र काही कळत नाही. मेल स्वतः होम डिरेक्टरीतल्या 'मेल' फोल्डरात असतात, म्हणून त्यांची काळजी वेगळी घ्यावी लागत नाही. फोनमधला मेल ॲप पॉपवर (मेल फोनवर उतरवून घेण्याच्या पद्धतीवर) लावून 'सर्व्हरवरून काढून टाक' चालू ठेवलं असेल तर मात्र सर्व्हरवर काही उरलेलंच नसतं आणि बॅकअपमध्येही काही येत नाही.

जुलैत घुसलं, ऑक्टोबरात दिसलं

होस्ट आपणहून जे बॅकअप घेतो त्यांच्यावर सगळ्यांची भिस्त. 'रोज बॅकअप होतो' हे वाक्य ऐकलं की माणूस निर्धास्त. रोज होतो हे खरं, पण किती दिवस टिकतो? पुष्कळ शेअर्ड होस्टिंगवर हा हिशेब काही दिवसांचा किंवा काही आठवड्यांचा असतो. नवा आला की सगळ्यात जुना जातो.

बाकीच्या जगाला हे पुरत असेल. गोव्यातल्या हंगामी धंद्याला पुरत नाही. साइट भर पावसात जुलैत हॅक होते आणि मालक ती उघडतो ऑक्टोबरात. तोवर होस्टकडे असलेला एकूण एक बॅकअप हॅक झालेल्या साइटचाच असतो. बॅकअप नियमित झाले, सगळे व्यवस्थित आहेत, आणि एकही कामाचा नाही. माझ्याकडे आलेल्या अशा प्रकरणांत तांत्रिक चूक शोधून सापडत नाही. होस्टचं गणित आठवड्यांचं, धंद्याचं गणित हंगामाचं.

तुमच्या पॅनेलमध्ये 'जेटबॅकअप' असेल तर ते उघडा. हे सीपॅनेलचा भाग नाही, होस्टने वेगळं घेऊन जोडलेलं असतं, म्हणून सगळीकडे दिसत नाही. पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. फाइली, डेटाबेस, ईमेल, क्रॉन, डीएनएस असं प्रत्येक निराळं निवडता येतं, तारीख निवडता येते आणि तिकिटाशिवाय आपणच रिस्टोअर करू शकतो. त्यात गेल्यावर यादीतली सगळ्यात जुनी तारीख बघा, तुमची मुदत तेवढीच.

दुसरा धोका रिन्यूअलचा. मंद दिवसांत बिल भरायचं राहतं, खातं सस्पेंड होतं, पॅनेल उघडत नाही, आणि पॅनेलमधले बॅकअप पॅनेलमध्येच अडकतात. काही काळाने होस्ट खातं काढून टाकतो तेव्हा तेही जातात.

म्हणून माझ्याकडच्या प्रत्येक साइटला एक नियम लावलाय. मे महिन्यात घरोघरी पुरुमेंताचं सामान (पावसाळ्याची बेगमी) भरतात तसा मिरगाआधी एक पूर्ण बॅकअप उतरवून घरच्या डिस्कवर भरायचा, आणि पुढचा मे येईपर्यंत तो पुसायचा नाही. हंगाम ऐन भरात असताना डेटाबेसचा पार्शल बॅकअप दर आठवड्याला. बाकी होस्ट काय करतो ते करू दे.

बॅकअप झाला असं दिसतं, पण झालेला नसतो

फुल बॅकअप तुमच्याच होम डिरेक्टरीत तयार होतो, म्हणजे तुमच्याच डिस्क कोट्यातून जागा खातो. कोटा भरत आला असेल तर फाइल अर्ध्यावर थांबते. वर मेलही येईनासे होतात, कारण त्यांना जागा त्याच कोट्यातली लागते. बॅकअप पूर्ण झाल्याची सूचना ज्या पत्त्यावर मागितली तो त्याच खात्यावर असेल तर ती सूचनाही येणार नाही, आणि सूचना आली नाही हे कोणाच्या लक्षात येतं? तिथे बाहेरचा पत्ता टाका. त्याच पानावर बॅकअप थेट दुसऱ्या सर्व्हरवर एफटीपीने किंवा एससीपीने पाठवायचा पर्यायही असतो. जागा असेल तर तो वापरा.

कोटा कशाने भरतो ते बघाल तर अनेकदा बॅकअपनेच. अपड्राफ्टप्लससारखं प्लगइन आपल्या झिप फाइली 'डब्ल्यूपी-कंटेंट'मधल्या 'अपड्राफ्ट' फोल्डरात टाकतं. सॉफ्टॅक्युलसचे (पॅनेलमधून वर्डप्रेस बसवून देणारं साधन) बॅकअप होम डिरेक्टरीतल्या आपल्या वेगळ्या फोल्डरात. मग होम डिरेक्टरीचा बॅकअप घेतला की त्यात साइट एकदा आणि जुन्या बॅकअपांच्या पोटात आणखी चार-सहा वेळा. दोन्हींत बाहेर पाठवायची सोय आहे, गुगल ड्राइव्हवर किंवा ड्रॉपबॉक्सवर. ती लावा, आणि सॉफ्टॅक्युलसमध्ये जुने किती ठेवायचे तो आकडा लहान करा.

फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते, पॅनेलमध्ये ती 'आयनोड' किंवा 'फाइल युसेज' नावाने दिसते. प्रत्येक मेल ही एक फाइल. दहा वर्षांचं स्पॅम न पुसलेला मेलबॉक्स असेल तर जीबी थोडे आणि फाइली लाखभर अशी गत होते. ठराविक आकड्यावर गेलेली खाती आम्ही आपोआप होणाऱ्या बॅकअपमधून वगळतो, असं कलम काही होस्टच्या अटींत असतं. ते वाचून बघा, दोनच ओळींचं असतं.

प्लगइनच्या वेळापत्रकावर विसंबून असाल तर आणखी एक मेख. वर्डप्रेसचं स्वतःचं क्रॉन कोणीतरी साइट उघडल्यावरच जागं होतं. पावसाळ्यात कोणी फिरकत नसेल तर रोजचा बॅकअप चार-चार दिवस रखडतो. सीपॅनेलच्या 'क्रॉन जॉब्स'मधून ठराविक वेळाने त्याला उठवा. तिथेच स्वतःची डम्पची आज्ञा लिहीत असाल आणि फाइलीच्या नावात तारीख हवी असेल तर टक्क्याच्या चिन्हाआधी उलटा स्लॅश द्या. क्रॉनमध्ये साधा टक्का म्हणजे नवी ओळ, आणि तुमची आज्ञा तिथेच तुटते. टर्मिनलमध्ये तीच आज्ञा बिनबोभाट चालते, म्हणून हे पटकन सापडत नाही.

झालाय की नाही हे बघायचं कसं? आधी आकार. एसक्यूएलची जीझेड फाइल २० बाइटची दिसली तर तो रिकाम्या फाइलीचा दाबलेला आकार आहे. डम्प फसला आणि जीझिपने इमानेइतबारे काहीच नाही ते दाबून ठेवलं. आकार ठीक असेल तर फाइल उघडून शेवटची ओळ बघा. मायएसक्यूएल-डम्पने काढलेल्या फाइलीच्या तळाशी 'डम्प कम्प्लीटेड' आणि तारीख असते. ती ओळ नसेल तर फाइल मध्येच तुटली.

हे छोट्यांचंच होतं असं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरकडून चालू डेटाबेस पुसला गेला. डम्पची जागा बघायला गेले तर ती रिकामी. डम्प काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा होता, डेटाबेस नव्या आवृत्तीचा, म्हणून तो रोज फसत होता. आणि तसं सांगणारे ईमेल डीमार्कच्या (मेल खरंच त्या पत्त्याचा आहे का हे तपासणाऱ्या नियमाच्या) कारणाने नाकारले जात होते. हाताने घेतलेला सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट होता म्हणून तेवढ्यावर भागलं, तरी सहा तासांचा डेटा गेलाच.

साइट आली, मराठी गेलं

इंग्रजी साइटवाल्यांना हा त्रास माहीतच नसतो. आपल्याकडे देवस्थानाची माहिती, नाट्यप्रयोगांच्या तारखा, वाचनालयाची पुस्तकयादी सगळं देवनागरीत, आणि डेटाबेस रिस्टोअर केल्यावर नेमकं तेच फुटतं.

फुटण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक जीवनमरणाचा. पहिल्यात नुसती प्रश्नचिन्हं दिसतात, '????? ????' अशी. दुसऱ्यात विचित्र रोमन अक्षरं: डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा 'ए', त्याच्यापुढे चार काटे फुटलेलं एक गोल, मग आणखी काही, आणि हीच जोडी पुन्हा पुन्हा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत) तीन बाइट घेतं आणि त्यांतला पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. ते बाइट कोणी लॅटिन-१ (रोमन अक्षरांपुरती जुनी पद्धत) समजून वाचले की अशी जोडी दिसते. म्हणजे दुसऱ्या प्रकारात बाइट जागेवर आहेत, फक्त वाचणारा चुकलाय. प्रश्नचिन्हांत बहुधा अक्षर पुसून त्याजागी खरोखरच प्रश्नचिन्ह साठवलं गेलंय.

घाबरण्याआधी मूळ एसक्यूएल फाइल नोटपॅड-प्लस-प्लसमध्ये उघडा. त्यात मराठी नीट वाचता येत असेल तर बॅकअप ठणठणीत आहे, चढवताना चुकलंय. टेबलं पुसून पुन्हा इम्पोर्ट करा आणि फाइलीचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ निवडलाय ना ते बघा. फाइलीतच ती रोमन जोडी दिसत असेल तर साइट जुनी आहे आणि तिचं मराठी पूर्वीपासून लॅटिन-१ च्या कनेक्शनवरून साठवलं जात होतं. तपासायचं असेल तर 'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मधला कॅरेक्टर सेट थोड्या वेळापुरता लॅटिन-१ करा. पानावर मराठी आलं तर निदान पक्कं, पण ते तसंच सोडू नका. तो डम्प एका तात्पुरत्या डेटाबेसमध्ये चढवायचा, लॅटिन-१ सांगून पुन्हा काढायचा आणि यूटीएफ-८ म्हणून शेवटच्या जागी चढवायचा. जमत नसेल तर जाणत्या माणसाकडे द्या, तासाभराचं काम आहे. आणि फाइलीतच प्रश्नचिन्हं असतील तर त्या फाइलीतून मराठी परत येणार नाही. त्याआधीचा बॅकअप शोधा.

एसक्यूएल फाइल एक्सेलमध्ये किंवा वर्डमध्ये उघडून सेव्ह करू नका. कितीही सांगितलं तरी कोणीतरी करतंच.

इम्पोर्ट करताना 'अननोन कोलेशन' (कोलेशन म्हणजे अक्षरांचा क्रम लावायचा नियम) अशी एरर आली आणि त्यात '०९००' हा आकडा दिसला तर बॅकअप मायएसक्यूएल ८ वरचा आहे आणि तुम्ही तो जुन्या मारियाडीबीवर किंवा जुन्या मायएसक्यूएलवर चढवताय. त्या कोलेशनचं पूर्ण नाव शोधून सगळीकडे त्याजागी यूटीएफ-८-एमबी-४ चं 'युनिकोड-सीआय' कोलेशन घाला आणि फाइल यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा. मजकुराला धक्का लागत नाही.

पॅनेल सीपॅनेल नसेल तर

२०१९ मध्ये सीपॅनेलने खात्यांच्या संख्येवर दर लावायला सुरुवात केली, तेव्हापासून बरेच होस्ट डायरेक्टॲडमिनकडे वळले. तिथे वापरकर्ता आपला बॅकअप आपणच रिस्टोअर करू शकतो, हा मोठा फरक. प्लेस्कच्या बॅकअप मॅनेजरमध्येही तसंच. पण दोन्हीकडे बॅकअप मुळात त्याच सर्व्हरवर पडतो, तेव्हा कोटा आणि मुदतीबद्दल वर जे लिहिलं ते तसंच लागू.

एक गोष्ट कुठल्याच पॅनेलच्या बॅकअपमध्ये नसते: डोमेन. ते रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे असतं. नेमसर्व्हर (डीएनएस नोंदी सांगणारे सर्व्हर) क्लाउडफ्लेअरसारख्या दुसऱ्या कंपनीकडे असतील तर खऱ्या डीएनएस नोंदीही तिकडेच, सीपॅनेलच्या बॅकअपमधल्या नोंदी शिळ्या. त्यांची वेगळी एक्स्पोर्ट फाइल घेऊन ठेवा.

होस्टकडे आहे म्हणजे सुरक्षित, असं ज्यांना वाटतं त्यांनी १० मार्च २०२१ ची बातमी शोधून वाचावी. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळून गेलं, आणि काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते.

तिकीट टाकायचंच असेल तर

'साइट चालत नाही, लवकर करा' असं लिहिलं की पहिलं उत्तर तासाभराने येतं आणि त्यात तुम्हालाच प्रश्न असतात. पहिल्याच तिकिटात डोमेन आणि खात्याचं नाव लिहा. काय परत हवंय ते सुटं सांगा, फक्त फाइली की फक्त डेटाबेस, आणि डेटाबेस असेल तर त्याचं पूर्ण नाव. कुठल्या तारखेचा बॅकअप हवा ते महिन्याचं नाव अक्षरात लिहून सांगा, कारण आकड्यांत तुमचा ५ ऑक्टोबर त्यांचा १० मे होऊ शकतो. वेळ लिहिताना भारतीय वेळ असं स्पष्ट लिहा. सर्व्हरचं घड्याळ बहुधा दुसऱ्या देशाचं असतं. चालू डेटाबेसवर लिहू नका, नव्या नावाच्या डेटाबेसमध्ये चढवा, असंही मागता येतं, आणि बुकिंगच्या साइटसाठी मी नेहमी तेच मागतो. मग जुना आणि नवा शेजारी शेजारी ठेवून मधली बुकिंगं हाताने उतरवून घेता येतात.

फुल बॅकअपची फाइल तुम्हीच होम डिरेक्टरीत चढवली असेल तर तिचं नाव आणि आकार बाइटमध्ये द्या. त्यांच्याकडचा आकार वेगळा निघाला तर अपलोड तुटलंय हे तिथेच कळतं. काम झालं की ती फाइल तिथून काढून टाका, आणि साइट हॅक झाली होती म्हणून हा सगळा उद्योग केला असेल तर सीपॅनेल, एफटीपी, डेटाबेस आणि वर्डप्रेस या सगळ्यांचे पासवर्ड त्याच बैठकीत बदला. बॅकअपबरोबर जुने पासवर्डही परत आलेले असतात.